इंग्रजीचा वर्ग बोलता कसा करायचा: नव्याने शिकवणाऱ्यांसाठी पायरी पायरीने

मी इंग्रजी शिकवायला लागले तेव्हा माझं शिकवणं बघायला एकदम व्यवस्थित होतं. फळ्यावर काळांचे तक्ते, रंगीत खडूने अधोरेखित केलेली हेल्पिंग व्हर्ब्ज, मुलांच्या वह्या भरलेल्या आणि चाचणीत मार्कही चांगले. मग एकदा प्रेझेंट परफेक्टच्या चाचणीत सगळं बरोबर लिहिलेल्या एका मुलीला मी जिन्यात सहज विचारलं, "व्हेअर हॅव यू बीन?" ती नुसती माझ्याकडे बघत राहिली आणि मग मान खाली घालून निघून गेली. तोच प्रश्न कागदावर असता तर तिने रिकामी जागा दोन सेकंदात भरली असती. त्या दिवसापासून मी इंटरॅक्टिव्ह पद्धती शोधायला लागले, शंभर खेळांच्या याद्या मिळाल्या, पण आधी काय करायचं, नंतर काय, कुठे गाडी अडते आणि अडली की काय करायचं हे कुणी सांगत नव्हतं. ते मला वर्गात चुकत चुकत कळलं. तुमचा तेवढा वेळ वाचावा म्हणून हे सगळं एका जागी लिहितेय. शाळेतली मुलं असोत नाहीतर नोकरी करणारी मोठी माणसं, पायऱ्या बहुतेक त्याच आहेत.

1. आधी "इंटरॅक्टिव्ह" म्हणजे काय ते नीट समजून घ्या

माझा सगळ्यात जास्त वेळ इथे वाया गेला. मला वाटायचं इंटरॅक्टिव्ह म्हणजे खेळ, टाळ्या, चित्रं, मजा. वर्गात मजा यायची पण इंग्रजी कुणी बोलायचं नाही, कारण बोलायची गरजच नव्हती. शेजारी बसलेल्या दोघांच्या हातात एकच पुस्तक, एकच उत्तर, मग एकमेकांना विचारणार काय?

बोलायला कारण लागतं. एकाकडे काहीतरी असतं जे दुसऱ्याकडे नसतं आणि ते मिळवायला विचारावंच लागतं, यालाच गॅप म्हणतात. एन. एस. प्रभू या भाषाशिक्षणाच्या अभ्यासकांनी 1979 ते 1984 या काळात बंगळुरू आणि मद्रासच्या भागातल्या शाळांमध्ये व्याकरण थेट न शिकवता फक्त कामं देऊन इंग्रजी शिकवायचा प्रयोग केला होता, त्यातून त्यांनी गॅपचे तीन प्रकार मांडले आणि आजही मी ॲक्टिव्हिटी निवडताना तेच तीन डोक्यात ठेवते. इन्फर्मेशन गॅप: माझ्याकडची माहिती तुझ्याकडे नाही. रिझनिंग गॅप: दिलेल्या माहितीवरून काहीतरी शोधून काढायचंय, म्हणजे बसचं वेळापत्रक बघून सगळ्यांना वेळेत पोचवणारी बस निवडायची. ओपिनियन गॅप: माझं मत वेगळं, तुझं वेगळं. नवशिक्यांसाठी पहिला प्रकार सगळ्यात सोपा कारण त्यात उत्तर ठरलेलं असतं, मत तयार करावं लागत नाही. तिसरा सगळ्यात अवघड, आणि बहुतेक नवे शिक्षक नेमकी तिथूनच सुरुवात करतात, "डिस्कस पोल्युशन" म्हणून सोडून देतात आणि मग वर्ग गप्प बसला म्हणून वाईट वाटून घेतात.

ऐकून आणि वाचून भाषा येत नाही का? येते, समजायला लागते. पण कॅनडात फ्रेंच माध्यमातून शिकणाऱ्या मुलांकडे बघून मेरिल स्वेन यांनी 1985 मध्ये दाखवून दिलं की वर्षानुवर्षं ती भाषा ऐकून मुलांना समजतं चांगलं, तरी बोलण्या-लिहिण्यात ती मागे राहतात. तोंडातून वाक्य काढायचा प्रयत्न केला की मगच आपल्याला नेमकं काय येत नाही ते कळतं. जिन्यातल्या त्या मुलीचं हेच झालं होतं, तिला तो प्रयत्न करायची वेळ माझ्या वर्गात कधी आलीच नव्हती.

2. लागणाऱ्या वस्तू जमवा

फार काही लागत नाही, पण जे लागतं ते आयत्या वेळी शोधू नका.

- एक छोटी वही, फक्त तुमच्या नोंदींसाठी (चुका टिपायला, ही सगळ्यात महत्त्वाची)
- टायमर, मोबाइलमधला चालतो, पण मुलांना दिसेल असा ठेवा
- कार्डं किंवा कापलेले कागद, जोडीतल्या एकासाठी ए आणि दुसऱ्यासाठी बी, असे दोन वेगळ्या रंगांत असले तर गोंधळ निम्मा होतो
- चिठ्ठ्या, जोड्या पाडायला
- शांत व्हायची खूण: घंटी, टाळी, हात वर, काहीही, पण कायम एकच
- भिंतीवर लावायला एक मोठा कागद, त्यावर अडल्यावर वापरायची वाक्यं

शेवटच्या कागदाबद्दल जरा सांगते. त्यावर मी पाच-सहा वाक्यं लिहून ठेवते: "कॅन यू से दॅट अगेन?", "व्हॉट डज दॅट मीन?", "हाऊ डू यू से धिस इन इंग्लिश?", "स्लोली, प्लीज", "डू यू मीन अमुक?" पहिल्या आठवड्यात हीच शिकवा, बाकी काही नाही शिकवलं तरी चालेल. कारण ही वाक्यं नसली की अडलेला माणूस थेट मातृभाषेत शिरतो, आणि ही असली की तो इंग्रजीतच राहून अडचण सोडवतो. मायकल लाँग या अभ्यासकाचं म्हणणंच असं होतं की "काय म्हणालास? म्हणजे असं का?" अशी जी घासाघीस दोघांत होते त्यातच भाषा पक्की होत जाते.

3. वर्ग किती जणांचा आणि कुठल्या पातळीचा ते बघा

युरोपातल्या सीईएफआर नावाच्या चौकटीत ए वन पासून सी टू पर्यंत सहा पातळ्या आहेत, 2001 पासून ती जगभर वापरली जाते, तुमच्या पुस्तकावरही बहुतेक छापलेली असेल. पण पुस्तकावर ए टू लिहिलंय म्हणजे वर्ग ए टू आहे असं धरून चालू नका. पहिल्या तासाला जोड्या करून एकमेकांची मुलाखत घ्यायला लावा, नाव, आवड, काल काय केलं, पुढच्या वर्षी काय करायचंय, आणि तुम्ही फक्त फिरत ऐका. काल आणि पुढच्या वर्षीचं आलं की कोण कुठे आहे ते दहा मिनिटांत कळतं.

अगदी सुरुवातीचे लोक असतील, म्हणजे ज्यांना वाक्यच जुळवता येत नाही, तर त्यांना लगेच बोलायला लावू नका. त्यांच्यासाठी टोटल फिजिकल रिस्पॉन्स छान आहे, अमेरिकेतल्या जेम्स ॲशर यांनी 1960 च्या दशकात मांडलेली पद्धत: तुम्ही सूचना द्यायची, "स्टँड अप, टर्न अराउंड, पिक अप द रेड बुक", त्यांनी फक्त करून दाखवायचं. बोलायचं नाही. काही दिवसांनी त्यांच्यातलाच एखादा स्वतःहून सूचना द्यायला पुढे येतो. तोपर्यंत थांबा.

4. तासाचं ध्येय क्रियापदात लिहा

"आज पास्ट टेन्स" हे ध्येय नव्हे, तो धड्याचा विषय झाला. "तास संपताना प्रत्येकाला आपला कालचा दिवस सांगता येईल आणि समोरच्याला त्याच्या दिवसाबद्दल तीन प्रश्न विचारता येतील" हे ध्येय. असं लिहिलं की ॲक्टिव्हिटी आपोआप सुचते, आणि तास संपल्यावर जमलं की नाही तेही कळतं.

5. सुरुवात जोडीने करा, गटाने नको

आधी एक हिशोब बघा. वर्गात 40 जण, तास 40 मिनिटांचा, त्यात 25 मिनिटं तुम्ही बोललात. उरलेली 15 मिनिटं एकेकाला उठवून विचारलं तर प्रत्येकाच्या वाट्याला 22 सेकंद येतात, तीही सगळ्यांसमोर घाबरत. तेच 10 मिनिटं जोडीत बोलायला दिली तर प्रत्येकाला 5 मिनिटं मिळतात. हा हिशोब मी कागदावर मांडला तेव्हा मलाच धक्का बसला होता.

पाच-सहा जणांचा गट नव्या शिक्षकाने टाळावा, त्यात दोघं बोलतात, एक लिहितो, बाकीचे खिडकीबाहेर बघतात. जोडीत लपायला जागा नसते.

सगळ्यात सोपी पद्धत म्हणजे थिंक-पेअर-शेअर, मेरीलँड विद्यापीठातल्या फ्रँक लायमन यांनी 1981 मध्ये मांडलेली. प्रश्न द्या, एक मिनिट प्रत्येकाने एकट्याने विचार करायचा (दोन शब्द लिहून ठेवले तरी चालतील), मग दोन मिनिटं शेजाऱ्याशी बोलायचं, मग तुम्ही तीन-चार जोड्यांना सगळ्यांसमोर विचारायचं. पहिला विचाराचा मिनिट घाईत गाळू नका, सगळी जादू त्यातच आहे. मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या तासांत मोजून बघितलं होतं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एक सेकंदच थांबतात आणि मग स्वतःच उत्तर देतात किंवा दुसऱ्याला विचारतात, पण तीन सेकंद थांबलं की उत्तरं लांब येतात, जास्त मुलं बोलतात. परकीय भाषेत तर आधी अर्थ लावायचा, मग उत्तर शोधायचं, मग वाक्य जुळवायचं, एवढं सगळं एका सेकंदात कसं होणार. मी मनात पाचपर्यंत मोजते. पहिले काही दिवस ती शांतता खूप जड वाटते, वाटू द्या.

6. इन्फर्मेशन गॅप: इथे जास्त वेळ द्या

ही एक गोष्ट नीट जमली की बाकीच्या पद्धती सोप्या जातात, म्हणून सविस्तर लिहिते.

दोन चित्रं घ्या, जवळजवळ सारखी, आठ फरक असलेली. एक खोली चालेल: एकात खिडकी उघडी, दुसऱ्यात बंद, एकात टेबलाखाली मांजर, दुसऱ्यात खुर्चीवर. चित्रकला येत नसली तरी रेघोट्यांची चित्रं पुरतात. ए ला एक चित्र, बी ला दुसरं. एकमेकांचं चित्र न बघता फक्त विचारून आठ फरक शोधायचे.

आता मांडणी, आणि हा क्रम बदलू नका:

पहिलं, लागणारी भाषा फळ्यावर द्या. "इज देअर अ कॅट इन युअर पिक्चर?", "व्हेअर इज इट?", "हाऊ मेनी चेअर्स आर देअर?" आणि अंडर, ऑन, बिहाइंड वगैरे. तीन-चारच वाक्यं, दहा नको.

दुसरं, एका चुणचुणीत विद्यार्थ्याला पुढे बोलवून सगळ्यांसमोर करून दाखवा, दोन फरक शोधून होईपर्यंत. तोंडी सूचनांपेक्षा हे दहापट लवकर समजतं.

तिसरं, समजलं का ते तपासा, पण "डू यू अंडरस्टँड?" असं विचारून नाही, त्याला सगळे "येस" च म्हणतात. "विल यू शो युअर पिक्चर टू युअर पार्टनर?" "नो!" "हाऊ मेनी डिफरन्सेस?" "एट!" असे छोटे प्रश्न विचारा.

चौथं, आणि आता कागद वाटा. आधी वाटले की तुमच्या सूचना कुणीही ऐकत नाही, सगळे चित्रात घुसलेले असतात. माझ्याकडून ही चूक कितीतरी वेळा झाली आहे.

पाचवं, वेळ सांगा, थोडा कमीच सांगा, सात मिनिटं लागणार असतील तर पाच म्हणा आणि मग वाढवून द्या. आणि लवकर संपवणाऱ्यांसाठी एक जादाचं काम फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, जसं की सापडलेले फरक आता पूर्ण वाक्यात लिहा.

चालू असताना तुम्ही काय करायचं? फिरायचं, ऐकायचं, टिपायचं. टेबलाजवळ बसून हजेरी भरायची नाही, आणि एखाद्या जोडीत जाऊन त्यांचं संभाषण आपल्या हातात घ्यायचं नाही. तुम्ही जवळ गेलात की मुलं तुमच्याशी बोलायला लागतात, म्हणून त्यांच्या मागे उभं राहून ऐका.

7. मग उठवून फिरवा

जोडीकाम अंगवळणी पडलं की "फाइंड समवन हू" करा. कागदावर आठ ओळी: फाइंड समवन हू गेट्स अप बिफोर सिक्स, हू कॅन स्विम, हू हॅज टू सिस्टर्स वगैरे. उठून फिरायचं, प्रश्न विचारून नाव लिहायचं. यातला सापळा असा की मुलं प्रश्न न विचारता एकमेकांचा कागद बघून नावं उतरवतात. उपाय एकच, नावापुढे अजून एक रकाना ठेवा, आणखी एक प्रश्न विचारून मिळालेली माहिती तिथे लिहायची. पोहता येतं, बरं, कुठे शिकलास? हा रकाना उतरवता येत नाही, कारण तो दुसऱ्याने वेगळा विचारलेला असतो.

बाक हलत नाहीत, वर्ग कोंबलेला आहे, अशी अडचण असेल तर पूर्ण वर्ग फिरवायची गरज नाही. एक आड एक ओळ मागे वळून बसू दे म्हणजे समोरासमोर जोड्या झाल्या, दोन मिनिटांनी फक्त वळलेल्या ओळीतल्यांनी एक जागा सरकायचं. 60 जणांच्या वर्गातही हे होतं.

8. जिगसॉ वाचन

धडा वाचायचाय आणि मुलं झोपतात, त्यावर हा उपाय. एलियट ॲरन्सन या मानसशास्त्रज्ञांनी 1971 मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिनमध्ये ही पद्धत काढली ती भाषेसाठी नव्हतीच, तिथल्या शाळांमध्ये वेगवेगळ्या वंशांची मुलं नव्याने एकत्र आली होती आणि त्यांच्यातला ताण कमी करायचा होता, म्हणून प्रत्येकाकडे तुकडा देऊन सगळ्यांना एकमेकांची गरज निर्माण केली. आपल्याला नेमकी ती गरजच हवी आहे.

धड्याचे चार तुकडे करा. 24 जण असतील तर चार-चार जणांचे सहा गट होतात, हे घरचे गट. प्रत्येक गटात एकाला एकेक तुकडा. मग सारखा तुकडा असलेले सगळे एकत्र बसतात, म्हणजे सहा-सहा जणांचे चार गट (सहा जास्त वाटले तर तीन-तीन करा), आपला तुकडा समजून घेतात, अवघड शब्द बघतात, कसं सांगायचं ते ठरवतात. मग घरच्या गटात परत येऊन प्रत्येकजण आपला भाग बाकीच्यांना सांगतो. शेवटी असे प्रश्न द्या ज्यांची उत्तरं चारही तुकडे कळल्याशिवाय येतच नाहीत.

सापळे दोन. एक, परत आल्यावर मुलं तुकडा धडाधडा वाचून दाखवतात आणि कुणी ऐकत नाही. तुकडे गोळा करून घ्या, फक्त पाच शब्द लिहिलेली चिठ्ठी जवळ ठेवू द्या. दुसरा, कुणीतरी गैरहजर असतो आणि गट तीन जणांचा उरतो, तेव्हा दोन छोटे तुकडे एकालाच द्या, म्हणून तुकडे कापतानाच एखादा मुद्दाम लहान ठेवा.

9. रोल प्ले आणि चार-तीन-दोन

रोल प्ले चार वाक्यांत संपतो अशी तक्रार सगळे करतात. "तू दुकानदार, तू गिऱ्हाईक" एवढंच दिलं तर संपणारच, मागितलं, दिलं, थँक्यू. दोघांच्या चिठ्ठीत एकमेकांच्या आड येणारी गोष्ट लिहा. गिऱ्हाइकाच्या चिठ्ठीत: बूट एका आठवड्यात फाटले, पैसे परत हवेत, बिल हरवलंय. दुकानदाराच्या चिठ्ठीत: बिलाशिवाय पैसे परत द्यायचे नाहीत असं मालकाने बजावलंय, पण गिऱ्हाईक नाराज करायचं नाही. आता बघा किती वेळ चालतं ते.

चार-तीन-दोन हा माझा सगळ्यात आवडता प्रकार. एक विषय, एक बोलणारा, एक ऐकणारा. आधी चार मिनिटं बोलायचं, मग ऐकणारा बदलून तेच तीन मिनिटांत, मग पुन्हा बदलून दोन मिनिटांत. पॉल नेशन यांनी 1989 मध्ये यावर लिहिलं होतं. तिसऱ्या वेळेपर्यंत काय सांगायचं ते ठरलेलं असतं त्यामुळे डोकं शब्दांसाठी मोकळं होतं, अडखळणं कमी होतं, आणि ऐकणारा नवीन असल्याने तेच पुन्हा सांगताना कृत्रिमही वाटत नाही. नवशिक्यांना चार मिनिटं फार होतात, दोन, दीड, एक असं करा. पण हे ज्या विषयावर त्यांना आधीच बोलता येतं त्यावरच करायचं, नवं व्याकरण इथे आणायचं नाही.

लिहिण्यासाठी पळती डिक्टेशन करून बघा: भिंतीवर उतारा, एकजण पळत जाऊन वाक्य डोक्यात ठेवून येतो, जोडीदाराला सांगतो, तो लिहितो. स्पेलिंग विचारावंच लागतं. जागा घसरडी नाही ना तेवढं बघा.

10. चुका कधी आणि कशा सुधारायच्या

इथे नवे शिक्षक दोन टोकांना जातात. एकतर प्रत्येक शब्दाला थांबवतात आणि मुलं बोलायची बंद होतात, नाहीतर "आत्मविश्वास वाढू दे" म्हणून काहीच सुधारत नाहीत आणि चुका तशाच घट्ट होतात.

मी असं करते. बोलणं चालू असताना अडवत नाही, जोपर्यंत अर्थच कळेनासा होत नाही तोपर्यंत. वहीत दोन रकाने, एकात चुकलेली वाक्यं, दुसऱ्यात छान जमलेली. शेवटची पाच-सात मिनिटं राखून ठेवते, फळ्यावर सहा वाक्यं लिहिते, नाव न घेता, त्यात दोन बरोबर असतात, आणि जोड्यांनीच ठरवायचं कुठलं बरोबर, कुठलं दुरुस्त करायचं. आपल्याच वर्गात बोललं गेलेलं वाक्य असल्यामुळे सगळे मान वर करून बघतात, पुस्तकातल्या वाक्याकडे असं कुणी बघत नाही.

व्याकरणावरच लक्ष असलेल्या छोट्या सरावात मात्र लगेच सुधारा, पण उत्तर स्वतः देऊ नका. विद्यार्थी म्हणाला, "ही गो टू द मार्केट येस्टरडे." तुम्ही म्हणालात, "ओह, ही वेन्ट टू द मार्केट." तो म्हणतो "येस" आणि पुढे जातो, त्याला वाटतं तुम्ही होकार दिलात. लिस्टर आणि रांटा या अभ्यासकांनी 1997 मध्ये कॅनडातल्या फ्रेंच वर्गांचा अभ्यास केला त्यात हेच दिसलं, शिक्षक निम्म्याहून जास्त वेळा असं बरोबर वाक्य परत म्हणून दाखवायचे आणि स्वतःची चूक सुधारायला मुलांना त्याचाच सगळ्यात कमी उपयोग व्हायचा. त्यापेक्षा "येस्टरडे, ही…?" म्हणून थांबा, भुवया उंचवा, हाताने मागे गेल्याची खूण करा. त्याला स्वतःला "वेन्ट" सापडू दे.

11. नेहमीच्या अडचणी

*गलका होतो.* होणारच, वीस जण एका वेळी बोलतायत. शेजारच्या वर्गाला आधी सांगून ठेवा, आणि शांत व्हायची खूण पहिल्याच दिवशी खेळासारखी पाच-सहा वेळा सराव करून घ्या. आवाज कुठल्या भाषेतला आहे तेवढं ऐका.

*मुलं मातृभाषेत बोलतात.* पूर्ण बंदी मी घालत नाही. काम समजून घेताना, अवघड शब्दाचा अर्थ पटकन सांगताना चालू दे, त्यात वेळ वाचतो. पण ॲक्टिव्हिटीची ठरलेली पाच मिनिटं इंग्रजीच. सगळेच्या सगळे मातृभाषेवर गेले तर तो त्यांचा आळस नसतो, काम त्यांच्या पातळीच्या वर गेलेलं असतं किंवा फळ्यावरची वाक्यं कमी पडलेली असतात. थांबवा, आणखी दोन वाक्यं द्या, पुन्हा सुरू करा. दंड, शिक्षा असलं काही करू नका, त्याने फक्त शांतता मिळते.

*एकजण सगळं बोलतो.* प्रत्येकाला तीन काड्या द्या, बोललं की एक टाकायची, संपल्या की बाकीच्यांच्या संपेपर्यंत ऐकायचं.

*एकजण काहीच बोलत नाही.* सगळ्यांसमोर उठवू नका. त्याला आधी शांत, समजूतदार जोडीदार द्या, उत्तर लिहून वाचू द्या, आणि थिंक-पेअर-शेअरमध्ये "तुझ्या जोडीदाराने काय सांगितलं?" असं विचारा. स्वतःचं मत सांगण्यापेक्षा दुसऱ्याचं सांगणं सोपं जातं.

*जोड्या त्याच त्या.* चिठ्ठ्या. दर आठवड्याला.

*ऑनलाइन वर्ग.* ब्रेकआउट रूममध्ये गेल्यावर तुमची सूचना कुणाच्या लक्षात राहत नाही, म्हणून आधी चॅटमध्ये लिहून द्या, आणि परत येताना काहीतरी हातात घेऊन यायला सांगा, तीन वाक्यं, एक यादी, काहीही. नुसतं "चर्चा करा" म्हटलं की कॅमेरे बंद होतात.

12. पुस्तक आणि परीक्षा सांभाळून कसं करायचं

बऱ्याच जणांची खरी अडचण ही असते की पोर्शन संपवायचाय. वेगळी ॲक्टिव्हिटी शोधूच नका, पुस्तकातलाच सराव थोडा वळवा. रिकाम्या जागा दहा आहेत? ए ला विषम क्रमांकाची उत्तरं द्या, बी ला सम, प्रत्येकाने दुसऱ्याचे प्रश्न तपासायचे आणि उत्तर न सांगता फक्त हिंट द्यायची. धड्याखाली प्रश्नोत्तरं आहेत? प्रश्न झाका, उत्तरं वाचून प्रश्न मुलांना तयार करू द्या. उतारा आहे? जिगसॉ. शब्दांची यादी आहे? एकाने फळ्याकडे पाठ करून बसायचं, तुम्ही फळ्यावर शब्द लिहायचा, जोडीदाराने तो शब्द न उच्चारता ओळखायला लावायचा. निबंध आहे? आधी चार-तीन-दोन, मग लिहिणं. वेळ साधारण तेवढाच लागतो.

13. एका 50 मिनिटांच्या तासाचा नमुना

विषय: कालचा दिवस. 5 मिनिटं, तुमच्या कालच्या दिवसाबद्दल तीन वाक्यं सांगा ज्यातलं एक खोटं आहे, त्यांनी प्रश्न विचारून ओळखायचं. 8 मिनिटं, त्यातून निघालेली क्रियापदं आणि प्रश्नाची रचना फळ्यावर. 5 मिनिटं, करून दाखवणं आणि सूचना तपासणं. 15 मिनिटं, ए आणि बी कार्डं, एका माणसाच्या कालच्या दिवसाचं वेळापत्रक, दोघांच्या कार्डावर वेगवेगळ्या जागा रिकाम्या, "व्हॉट डिड ही डू ॲट नाइन?" असं विचारून भरायचं, मग तेच प्रश्न एकमेकांच्या खऱ्या दिवसाबद्दल. 5 मिनिटं, तीन-चार जणांनी जोडीदाराबद्दल सांगायचं. 7 मिनिटं, वहीतली सहा वाक्यं फळ्यावर. शेवटची 5 मिनिटं नवा जोडीदार घेऊन पुन्हा तेच बोलायचं, आता दुरुस्त केलेलं वापरून. ही शेवटची 5 मिनिटं बहुतेक लोक वेळ नाही म्हणून सोडतात. त्यापेक्षा मधल्या 15 ची 12 करा पण हे ठेवा, कारण चूक कळली आणि लगेच बरोबर वापरलं असं तासभरात फक्त इथेच घडतं.

पहिल्या आठवड्यात एवढं सगळं करू नका. एकच थिंक-पेअर-शेअर रोज, दहा मिनिटांचं. दुसऱ्या आठवड्यात एक इन्फर्मेशन गॅप, आणि तीच पुन्हा दोन दिवसांनी नव्या चित्रांवर, म्हणजे कसं करायचं हे समजावण्यात वेळ जात नाही आणि सगळा वेळ बोलण्यात जातो. तिसऱ्या आठवड्यात फिरणं. जिगसॉ चौथ्या आठवड्याआधी नको. दर तासानंतर वहीत दोनच ओळी लिहा, आज कोण बोललं नाही आणि सूचना कुठे अडकली. पुढच्या तासाच्या जोड्या पाडताना ती वही उघडी ठेवा.